तीन वर्षांच्या मुलाचा हक्क कोठे गेला?

वाचकहो, शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्या सभांतून व नियतकालिकांतून जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुतांशी शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, महाविद्यालयांतील राखीव जागा आणि परदेशी शिक्षण यांविषयी असते. त्यात गैर काहीच नाही. परंतु मूल पहिलीच्या वर्गाचा उंबरठा ओलांडते त्याआधीच्या तीन वर्षांविषयी, म्हणजे वयाच्या तिसऱ्यापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या काळाविषयी, आपण जवळजवळ मौन पाळतो. ते वय आईच्या पदराचे, खेळण्याबागडण्याचे. त्यात राज्याचा आणि कायद्याचा संबंध काय, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महागात पडत आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करतो. शहर लहान आहे. न्यायालय, कलेक्टर कचेरी, एस. टी. स्थानक आणि बाजारपेठ ही सारी पायी फिरता येतील इतक्या अंतरात आहेत. गेल्या पावसाळ्यात एक ताई घराच्या जागेच्या कागदांसंबंधी माझ्याकडे आल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवितात. त्यांचे काम झाले. कागद पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, आणखी एक विचारू का? पोरगी साडेतीन वर्षांची झाली. तिला कुठं घालू?"

मी म्हटले, "ताई, तुमच्याकडे अंगणवाडी आहे ना?"

"हाय की, नाल्यापल्याड. पन तिथं खिचडी मिळती, साहेब. शाळा कुठं मिळती?"

या एका वाक्याने मला जेवढे विचारात पाडले तेवढे अनेक निकालपत्रांनी पाडलेले नाही. म्हणून त्या ताईंपुढे प्रत्यक्षात मार्ग किती होते, हे मी शोधून पाहिले. लहान शहरातील कष्टकरी कुटुंबाची स्थिती सर्वत्र थोड्याफार फरकाने अशीच असणार.

पहिल्याने नजरेस येतात त्या खाजगी शाळा. गल्लीगल्लीत इंग्रजी नावाच्या पाट्या लागलेल्या आहेत. नर्सरी, त्यानंतर लहान शिशू, त्यानंतर मोठा शिशू. दोन घरांच्या भांड्यांचे महिन्याचे पैसे एका मुलाच्या फीमध्ये जातील. गणवेश, गळपट्टा, रिक्षा निराळे. बरे, पैसे मोजून जे मिळते ते शिक्षण उत्तम असते असेही नव्हे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने एकच अक्षर गिरवून घेणे, यास बालशिक्षणाचे कोणतेही शास्त्र मान्यता देत नाही. पण पालकाला वही भरलेली दिसते आणि तो समाधान पावतो. आपल्यातील नोकरदार वर्गही याच समाधानात मग्न आहे, त्याविषयी पुढे बोलेन.

दुसरा मार्ग कायद्याने उघडला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. आणि शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवीत असेल, तर हे बंधन त्या वर्गापासूनच लागू होते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तिला या बंधनातून मोकळे केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हे चांगलेच झाले. तथापि हा मार्ग सोडतीचा आहे. संगणकावर अर्ज, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, मग चिठ्ठीत नाव निघण्याची वाट पाहावयाची. मी स्वतः कायद्याचा पदवीधर; एका शेजाऱ्यासाठी तो अर्ज भरताना मलाही दोनदा मागे फिरावे लागले. ज्या गोष्टीसाठी सोडत काढावी लागते, तिला हक्क म्हणणे भाषेच्या दृष्टीने धाडसाचेच आहे.

नगरपरिषदेच्या शाळेला जोडून बालवर्ग असला तर तो तिसरा मार्ग. आमच्याकडे या ताईंच्या वाटेवर तो नाही. राहता राहिली अंगणवाडी.

मी ती पाहण्यास गेलो. भाड्याची एक खोली, तिच्या एका कोपऱ्यात धान्याच्या गोण्या, दुसऱ्या कोपऱ्यात वजनकाटा. भिंतीवर फळांची आणि प्राण्यांची चित्रे होती. त्यांतील हत्तीचा अर्धा भाग ओलीने गेलेला. बाविसेक मुले बसली होती. सेविकाबाई चांगल्या आहेत, मुलांना नावाने हाक मारतात. त्यांनी एक गाणे म्हणून घेतले, रंग ओळखावयास लावले आणि तेवढ्यात कोणी गरोदर स्त्री नोंदणीसाठी आली. ती जाते तो भ्रमणध्वनीवर पोषणाच्या नोंदी भरावयाची वेळ झाली. मग खिचडी. लसीकरण, गृहभेटी, सर्वेक्षणे, काही ठिकाणी मतदार याद्यांचे काम, हे सर्व त्याच एका बाईच्या अंगावर. मी त्यांना विचारले, "बाई, शिकविण्याला दिवसातून किती वेळ मिळतो?" त्या थोड्या संकोचल्या. मग म्हणाल्या, "साहेब, एका मुलाचं वजन चुकीचं भरलं गेलं तर मला जाब विचारणारे पाच जण आहेत. मूल काय शिकलं, हे विचारायला आजपर्यंत कोणी आलेलं नाही."

वाचकहो, या उत्तरात सेविकेचा दोष शोधू नका. राज्य ज्याची मोजणी करते, तेच खालचा कर्मचारी करतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा व आरोग्य-आहारविषयक शिक्षण यांच्याबरोबर शाळापूर्व शिक्षण ही एक सेवा होती. पाच सेवा शरीराच्या आणि एक बुद्धीची. आज देशात मंजूर अंगणवाड्यांची संख्या १४ लक्षांच्या घरात आहे. जगात एवढा विस्तार क्वचितच कोणत्या बालसेवेचा असेल. परंतु त्या सहाव्या सेवेचा हिशेब मागणारा कोणी नाही. आणि तो का नाही, याचे कारण कायद्यात आहे.

आता थोडे कायद्याकडे वळू. वाचकांना हा भाग रूक्ष वाटेल, तरी तो सोडून देऊ नये, अशी विनंती आहे.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये असे म्हटले होते की, संविधानाच्या प्रारंभापासून दहा वर्षांच्या आत, सर्व मुलांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. चौदाची वरची मर्यादा सर्वांच्या ध्यानात आहे. खालची मर्यादा किती? ती नव्हतीच. 'सहा वर्षांपासून' असे शब्द त्या अनुच्छेदात कोठेही नव्हते. तीन वर्षांचे मूल त्यात होते. आणि हे काही नजरचुकीने घडले नव्हते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा, 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घालावा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की, चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास संविधान बंदी करीत आहे. मग ते मूल त्या वयापर्यंत कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत गुंतलेले असले पाहिजे. म्हणजे शिक्षणाची व्याप्ती इयत्तांवरून ठरवावयाची नसून मुलाच्या जीवनावरून ठरवावयाची, ही त्यामागील दृष्टी होती. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात बोलताना, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हे ज्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले, त्यांना दाखल होणे आणि टिकणे यांतील अंतर पुरते ठाऊक होते.

दहा वर्षे १९६० साली संपली. काही झाले नाही. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठे पाऊल टाकले आणि चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे, तो जीविताच्या हक्कातून निघतो, असा निर्णय दिला. अनुच्छेद ४५ च्या आधाराने दिलेल्या त्या निर्णयातही खालची मर्यादा नव्हती. तीन वर्षांचे मूल पुन्हा एकदा आत होते, आणि या वेळी मूलभूत हक्कांच्या दालनात होते.

यानंतर २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिचे आपण सर्वांनी स्वागत केले. अनुच्छेद २१-क नव्याने घातला गेला आणि शिक्षण हा स्पष्ट शब्दांत मूलभूत हक्क झाला, परंतु कोणाचा? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. सहा वर्षांखालील मुलांसाठी अनुच्छेद ४५ नव्याने लिहिण्यात आला, आणि त्यांची बाल्यावस्थेतील देखभाल व शिक्षण यांची तरतूद करण्याचा राज्य 'प्रयत्न करील', असे त्यात म्हटले गेले. वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी होते तेव्हा थोरल्यास घर आणि धाकट्यास 'सवडीने पाहू' असे सांगितले जाते, तसा हा प्रकार झाला. न्यायालयाने जे एका हाताने दिले होते, त्यातील खालची सहा वर्षे घटनादुरुस्तीने काढून घेतली. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी हे बोलून दाखविले? मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो. माझ्याही ध्यानात आले नव्हते, हे कबूल करतो.

२००९ चा शिक्षणहक्क अधिनियम याच पायावर उभा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांच्या मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल' असे आहे. 'करील' असे नाही. सामान्य वाचकास हा शब्दच्छल वाटेल. पण आमच्या धंद्यात या दोन क्रियापदांमधील अंतर एवढे आहे, की एकावर दावा उभा राहतो आणि दुसऱ्यावर केवळ विनंतीअर्ज. याउलट, राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ पाहा. तीन ते सहा वर्षांच्या मुलास अंगणवाडीत सकाळची न्याहारी व गरम शिजविलेले जेवण मिळण्याचा हक्क आहे, असे तेथे मोजमापासह लिहिले आहे; २०१३ साली ते मोजमाप ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे होते. आहार हक्काचा झाला. पाटी मात्र मर्जीची राहिली. "तिथं खिचडी मिळती, शाळा कुठं मिळती," असे त्या ताई म्हणाल्या, तेव्हा त्यांनी नकळत या दोन अधिनियमांतील नेमका भेद सांगितला होता.

येथे एक आशेचा धागा आहे तोही नोंदविला पाहिजे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातेतील प्रकरणात, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान अधिनियमाप्रमाणे उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. वृत्तपत्रांनी ही बातमी मानधनाची म्हणून छापली. पण निकालाचे कारण वाचण्यासारखे आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळाच चालते, ते शैक्षणिक कार्य आहे, आणि राज्य ते शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम ११ खाली करीत आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. अंगणवाडी ही शाळा आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे. मग शाळेस जे प्रश्न विचारावयाचे ते अंगणवाडीस का विचारू नयेत?

कोणी म्हणेल, एवढ्या लहान वयात शिकविले काय आणि न शिकविले काय, पुढे सारे सारखेच होते. या शंकेचे बहुधा सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले उत्तर अशाच एका लहान शहरातून आले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचे सुमारे वीस हजार वस्तीचे शहर आहे. तेथील कृष्णवर्णीय वस्तीत पेरी नावाची सरकारी प्राथमिक शाळा होती. त्या शहरात कृष्णवर्णीयांची मुले शाळेत मागे पडत, त्यांना त्याच इयत्तेत पुन्हा बसविले जाई, आणि ती मंदबुद्धीच आहेत असा शिक्का त्यांच्यावर मारला जाई. हा शिक्का आपल्या परिचयाचा आहे. डेव्हिड वायकार्ट या मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली तेथे एक प्रयोग आरंभिला. गरीब कुटुंबांतील तीन व चार वर्षांची १२३ कृष्णवर्णीय मुले घेतली. त्यांपैकी ५८ मुलांना रोज सकाळी अडीच तास चांगल्या शिक्षकांकडून शाळापूर्व शिक्षण दिले. शिक्षिका दर आठवड्यास मुलाच्या घरीही जात. आणि ६५ मुलांना ते दिले नाही. दोन्ही गटांचा मागोवा ती माणसे चाळीस वर्षांची होईपर्यंत घेतला गेला.

निकाल काय लागला? प्रथम तर निराशाच झाली. बुद्ध्यंकात पडलेला फरक काही वर्षांतच पुसला गेला आणि टीकाकार म्हणाले, पैसा व्यर्थ गेला. पण आयुष्य हे बुद्ध्यंकाच्या परीक्षेपेक्षा लांब असते. चाळिसाव्या वर्षी पाहिले तेव्हा, शाळापूर्व शिक्षण मिळालेल्यांपैकी ७७ टक्के माध्यमिक शाळा पूर्ण केलेले होते, न मिळालेल्यांपैकी ६० टक्के. वर्षाला वीस हजार डॉलर किंवा अधिक कमावणारे पहिल्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्यात ३६ टक्के, तर दुसऱ्यात ५५. मुले लहान संख्येने होती, शिक्षक उत्तम होते, एकेका शिक्षकाकडे पाच-सहाच मुले होती. तेव्हा हा आकडा जशाचा तसा आमच्या बावीस मुलांच्या खोलीस लावता येणार नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मुलांत उणीव नव्हती. उणीव होती ती त्यांना मिळालेल्या व्यवस्थेत.

आपल्या देशातील पुरावा हवा असेल तर तोही आहे. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेऊन असा प्रयोग झाला, की त्यांपैकी चिठ्ठी टाकून निवडलेल्या काही अंगणवाड्यांत शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी आणखी एक बाई नेमावयाची. नवे यंत्र नाही, नवी इमारत नाही. शिकविण्याचा वेळ सुमारे दुप्पट झाला. मुलांची गणिताची व भाषेची समज वाढली. आणि मूळच्या सेविकेला आहार व आरोग्याकडे पाहण्यास सवड मिळाल्यामुळे कुपोषणही घटले. शिकविण्यामुळे आहाराकडे दुर्लक्ष होईल, ही जी भीती अधिकारी घालतात ती या प्रयोगाने खोटी ठरविली.

'अंगणवाडी' हा शब्द दिल्लीहून आलेला नाही, तो आमच्या महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या कामास आरंभ केला, पण शहरी बालमंदिरे सुखवस्तू घरांचीच राहतात हे पाहून त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या. ज्या वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्या वस्त्यांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली, आणि तिला नाव पडले अंगणवाडी. दगड, पाने, शिंपले, माती ही साधने. म्हणजे अंगणवाडीचा मूळ अर्थच मुळी 'जो येऊ शकत नाही त्याच्या दारी जाणारी शाळा' असा आहे. त्यातील शाळा गळून पडली आणि अंगणही भाड्याच्या खोलीत गेले.

लहान शहरात हा प्रश्न अधिक बिकट होण्याचे एक कारण असे, की तेथे या मुलाचा मालक कोणीच नाही. खेड्यात अंगणवाडीच्या मागे निदान जिल्हा परिषद असते आणि तिचा सदस्य गावात फिरतो. शहरात प्राथमिक शाळा नगरपरिषदेची, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याच्या नागरी प्रकल्पाची. नगरसेवकास विचारले तर तो म्हणतो, ते आमच्याकडे नाही. प्रकल्प अधिकाऱ्यास जागा विचारली तर ते म्हणतात, जागा नगरपरिषदेने द्यावी. शहरातील जागेला भाव असतो, त्यामुळे खोली मिळते ती अशा वस्तीत व अशा गल्लीत, जेथे इतर कोणी भाडेकरू जात नाही. आणि एकदा ती खोली बौद्ध किंवा मातंग वस्तीत गेली, की पलीकडच्या वस्तीतील मुले हळूहळू येईनाशी होतात. दलित स्त्रीच्या हातचे आपल्या मुलाने खाऊ नये म्हणून त्यास अंगणवाडीतून काढून घेणारे पालक या देशात आजही आहेत, हे आपणांस निराळे सांगावयास नको. ज्यांचे शब्द अधिकारी ऐकतात ती माणसे खाजगी शाळेत गेली, आणि अंगणवाडी उरली ती ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी.

पण इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःच्या घरात डोकवावे. मी तीन वर्षांचा होतो तेव्हा आमच्या वस्तीतील विहारात बालवाडी भरे. चौथीपर्यंत शिकलेली एक मावशी ती घेत. त्यांनी आम्हांस चिंचोके मोजावयास, रांगेत हात धुवावयास आणि आपले नाव मोठ्याने सांगावयास शिकविले. हे शेवटचे शिक्षण मला आजही न्यायालयात उपयोगी पडते. आता तेथे दुमजली विहार आहे, फरशी चकचकीत आहे, आणि रविवारची वंदना वगळता आठवडाभर कुलूप असते. बालवाडी केव्हाच बंद झाली. कोणी बंद केली? कोणीच नाही. ज्यांची मुले तेथे येत, ते नोकरीस लागले, त्यांनी वस्ती सोडली, त्यांची मुले इंग्रजी नर्सरीत गेली. मी त्यांतलाच एक आहे. मागे राहिलेल्यांच्या मुलांसाठी ती चालू ठेवावी, असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. जयंतीच्या मिरवणुकीसाठी जी वर्गणी आम्ही एका संध्याकाळी गोळा करतो, तिच्या काही अंशात एका बाईचे वर्षाचे मानधन निघेल. विहारास कुलूप आणि अंगणवाडीस खोली मिळत नाही, ही दोन दृश्ये एकाच वस्तीत शेजारी शेजारी दिसावीत, याची लाज आम्हांसच वाटली पाहिजे.

मागणी काय करावयाची? अनुच्छेद २१-क मध्ये दुरुस्ती होऊन तीन वर्षांपासूनची मुले त्यात यावीत, ही मोठी मागणी आहे आणि ती आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत केली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र मानली आहेत. शासनाच्याच धोरणाने पाया तिसऱ्या वर्षापासून धरला, तर हक्क सहाव्यापासून का, हे विचारण्यास आता जागा झाली आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे मात्र विसरू नये. कलम ११ मधील 'करू शकेल' च्या जागी 'करील' हा एक शब्द घालण्यास तर घटनादुरुस्तीही लागत नाही.

परंतु ते होईपर्यंत साडेतीन वर्षांची मुलगी थांबत नाही. म्हणून जे आज हाती आहे ते सांगतो. लोकांच्या अन्नहक्काच्या २००१ सालच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी. झोपडपट्टीवासीयांनाही हा हक्क त्यात दिला होता, आणि नव्या अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती व जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे असेही म्हटले होते. अन्नसुरक्षा अधिनियम आल्यानंतर ती याचिका निकाली निघाली. तेव्हा तो आदेश हाती घेऊन उद्याच अधिकाऱ्यास अवमानाची नोटीस देता येईल, असे मी म्हणणार नाही. खोटा धीर देणे हे वकिलाचे काम नाही. पण अर्जात त्याचा दाखला दिला की अर्जाचा चेहरा बदलतो, हा माझा अनुभव आहे. सोबत माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे: आमच्या अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षणासाठी रोज किती वेळ ठरविला आहे, त्याची नोंद कोणत्या वहीत होते, आणि ती वही गेल्या वर्षात कोणी व केव्हा तपासली? मुलांच्या वजनाच्या वह्या जशा तपासल्या जातात, तशी हीही तपासली जावी, एवढेच.

त्या ताईंना मी हे समजावून सांगितले. पावसात नाला भरला की त्यांच्या बाजूची मुले पलीकडे जाऊ शकत नाहीत, हे अर्जात घातले. चाळीस मुले मोजावी लागतील, असे मी म्हटले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दहा-बारा दिवसांनी थोरल्या मुलाच्या वहीची तीन पाने घेऊन आल्या. त्रेचाळीस नावे होती. वयाच्या रकान्यात काही ठिकाणी वर्षे होती, काही ठिकाणी 'पोळ्याला तीन होईल' असे लिहिलेले होते. दोन नावे खोडून पुन्हा लिहिली होती. ती कुटुंबे वीटभट्टीवर गेली होती आणि परत आली होती. जन्माचे दाखले जोडता जोडता आणखी आठ दिवस गेले. अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कचेरीत दाखल केला आहे, एक प्रत नगरपरिषदेस दिली आहे. विहाराच्या समितीकडेही एक पत्र गेले आहे, त्यावर माझी सही आहे. तिन्ही पत्रांची पोच ताईंनी कागदांच्या त्याच पिशवीत ठेवली आहे. समितीची बैठक येत्या पौर्णिमेस आहे.